आधी वाजवून दाखवा

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेले तीन आठवडे जे महाभारत चाललंय ते ज्यांना तोंडपाठ आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून दिले तरी चालतील. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो.

मिरजेचा आमचा वाडा पाडायचं ठरलं, आणि माळा रिकामा करताना अण्णांची (म्हणजे माझ्या आजोबांची) रेकॉर्डींची पेटी खाली आली. पेटी कसली, दोन लाकडी खोकी आणि एक पत्र्याची ट्रंक. मोजल्या तर १४३ भरल्या. त्यातल्या साठेक ७८ च्या, म्हणजे त्या जुन्या, जड, हातातून सुटली की बशीसारखी फुटणाऱ्या. बाकीच्या एलपी आणि छोट्या ईपी. नाट्यपदं, भावगीतं, हिराबाई बडोदेकर, गजाननराव वाटवे, अब्दुल करीम खाँसाहेब (मिरजेत राहून ते नसते तर अण्णांना वाळीतच टाकलं असतं), आणि मधेच कुणी आणली कोण जाणे, इंग्रजी नाचाच्या बँडची एक.

आता प्रस्ताव असा आहे. दादाच्या ओळखीचे एक इंटिरियर डेकोरेटर एका हॉटेलात ‘जुन्या काळाची’ भिंत करतायत. त्यांना सगळ्या रेकॉर्डी एकरकमी हव्यात. निवडानिवड नाही, घासाघीस नाही, टेम्पो दारात. भिंतीवर खिळ्याने ठोकायच्या की डिंकाने चिकटवायच्या ते त्यांचं ते बघतील. दादाने ग्रुपवर लिहिलं, “आता कोण ऐकणारे? सगळं यूट्यूबवर आहे.” त्यावर धडाधड अठरा अंगठे आले. मी अंगठा दिला नाही, एवढाच माझा गुन्हा. वर मी विचारलं की या विकायच्याच असतील तर जिथे रेकॉर्डी रेकॉर्डी म्हणून विकल्या जातात अशा एखाद्या दुकानात आधी विचारू या का? त्यावर धाकट्या काकांचा एकच प्रश्न: “अशी दुकानं अजून आहेत?”

प्रश्न चांगला होता. जानेवारीत भाच्याच्या साखरपुड्याला मुंबईला जायचंच होतं. पेटीतल्या सहा रेकॉर्डी निवडल्या, टॉवेलात गुंडाळल्या आणि दोन दिवस जास्तीची रजा टाकली.

मुंबईत जुन्या रेकॉर्डी कुठे मिळतात असं कुणालाही विचारा, उत्तर एकच: चोरबाजार. हे उत्तर देणाऱ्या दहापैकी नऊ जणांनी तिथून आयुष्यात एकही रेकॉर्ड घेतलेली नसते. आमच्या आतेभावाने वर सल्ला दिला, “शुक्रवारी जा, शुक्रवारी तिथे बाजार भरतो.” भरतो खरा, पण भल्या पहाटे, फुटपाथवर. मटण स्ट्रीटवरची जुन्या वस्तूंची दुकानं शुक्रवारीच बंद असतात. मी डोंबिवलीहून आरामात नाश्ता करून, सँडहर्स्ट रोडला उतरून साडेदहाला पोचलो तेव्हा फुटपाथवाले आवरत होते आणि दुकानांची शटरं खाली होती. एका हातगाडीवर बिनजोडीचे बूट, नळाच्या तोट्या आणि कुणाच्या तरी लग्नाचा अल्बम एवढं पाहून परत आलो. (लग्नाचा अल्बम विकणारे लोक आहेत, तर आपण रेकॉर्डी विकतोय त्यात काय मोठंसं, असंही एकदा मनात येऊन गेलं. असो.)

शनिवारी पुन्हा गेलो. आता दुकानं उघडी होती. पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन ओळीने मांडलेले, चकचकीत, प्रत्येकावर तो कुत्रा. हे बहुतेक अलीकडे जोडलेले असतात. कर्णा नवा, खोका नवा, चावीचं यंत्र कुठल्या तरी जुन्या पोर्टेबल पेटीतलं आणि वर कुत्र्याचं चित्र. परदेशी पाहुणे हौसेने घेतात, आपलेही घेतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. दिवाणखान्यात काय ठेवायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न.

रेकॉर्डी मात्र जमिनीवर होत्या. आडव्या, एकावर एक, कमरेइतका ढीग. एलपी अशा रचल्या की खालच्या वाकतात, हे रेकॉर्ड विकणाऱ्याला माहीत नसेल असं नाही. ढिगातून नाट्यसंगीताची एक एलपी निघाली. कव्हर चांगलं, तबकडी पाहिली तर फार ओरखडे नाहीत. सातशे रुपये. म्हटलं, वाजवून दाखवा.

“मशीन बंद है.”

बारा ग्रामोफोन आणि चार रेकॉर्डप्लेअर मांडलेल्या दुकानात हे वाक्य ऐकायला मिळालं. मी हसलो, तोही हसला. “एकदम चालू माल है साब, लेके जाव.” मी घेतली. चूक माझीच. डोंबिवलीला आतेभावाच्या प्लेअरवर लावली, तीन पदं बरी गेली, चौथ्याला सुई अडकली आणि गायक एकाच तानेवर वीस वेळा आपटला. आतेभाऊ म्हणाला, “तुझ्या रेकॉर्डीत रियाज चांगला आहे.”

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. त्या दुकानदाराला आणि आपल्या डेकोरेटरला मी एकाच माळेचे मणी समजतो. दोघांच्या लेखी रेकॉर्ड ही मुकी वस्तू आहे. गोल, काळी, मध्ये रंगीत लेबल. ती वाजते की नाही हा प्रश्नच दोघांना पडत नाही. आणि दादा, रागावू नकोस, पण “कोण ऐकणारे” असं म्हणून आपणही त्यांच्याच रांगेत जाऊन बसलो. आपल्यापैकी एकानेही या १४३ पैकी एक रेकॉर्ड लावून बघितलेली नाही. मीसुद्धा नाही, मुंबईला जाईपर्यंत.

आता “सगळं यूट्यूबवर आहे” याबद्दल. हे वाक्य मला फार ऐकवलं गेलंय, म्हणून जरा सविस्तर.

यूट्यूबवर जे जुनं आहे ते तिथे कुणी टाकलं? थोडं कंपन्यांनी. बाकीचं, विशेषतः ७८ च्या रेकॉर्डींवरचं कितीतरी, लोकांनी आपापल्या पेट्यांतून काढून टाकलंय. कुणीतरी बाजारात ढिगातून एक उचलली, धुतली, योग्य सुई लावून वाजवली, म्हणून ते तिथे आहे. मुंबईत १९३५ ते १९५५ या काळात नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी ‘यंग इंडिया’ छापाच्या रेकॉर्डी काढत असे. नामवंत गायक बहुतेक मोठ्या कंपन्यांशी बांधलेले, त्यामुळे नव्या-हौशी मंडळींना इथे जागा मिळे. कंपनी कधीच बंद पडली. या रेकॉर्डी उरल्या त्या संग्राहकांच्या घरांत. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स नावाची संस्था आहे. ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे त्यांचं नियतकालिक. या वर्तुळातल्या मंडळींनी यंग इंडियाच्या रेकॉर्डी गोळा केल्या आणि ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातल्या दस्तऐवजांसाठीच्या कार्यक्रमातून त्या डिजिटल स्वरूपात जतन झाल्या. कुणाच्या तरी दादाने त्या आधीच भिंतीला चिकटवल्या असत्या तर लंडनची लायब्ररी काय जतन करणार होती, डिंक?

शिवाय रेकॉर्डीवर नुसतं गाणं नसतं. ‘महल’ (१९४९) मधल्या ‘आयेगा आनेवाला’च्या मूळ ७८ च्या लेबलवर लताबाईंचं नाव नव्हतं, ‘कामिनी’ असं होतं, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. पार्श्वगायकांना त्या काळी काय किंमत होती हे त्या छोट्याशा कागदावर दिसतं. तो कागद यूट्यूबवर ऐकू येत नाही. आणि आपल्या अण्णांनी तर प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने तारीख आणि कुणासाठी आणली ते लिहून ठेवलंय. एकावर लिहिलंय, “धाकट्यास. ताप उतरला म्हणून.” धाकटे काका, ही तुमची आहे. अंगठा देताना ठाऊक होतं का?

रविवारी सकाळी मी माझ्या शोधाचा दुसरा टोकाचा नमुना पाहिला. पश्चिमेच्या उपनगरातलं नव्या धर्तीचं दुकान. गारेगार, लाकडी कप्पे, रेकॉर्डी उभ्या, प्रत्येक प्लॅस्टिकच्या पाकिटात, वर दर्जाची चिठ्ठी. प्रत्येक रेकॉर्ड ऐकून मगच दर्जा लावलेला, आणि मागितली की लगेच लावून दाखवतात. मी याची टिंगल करायच्या तयारीने गेलो होतो (कॉफीचा भाव बघून ती तयारी वाढली), पण करवत नाही. माणसं प्रामाणिक होती. राहुलदेव बर्मनच्या एका एलपीवर अडीच हजारांची चिठ्ठी होती आणि खाली स्वच्छ लिहिलेलं, “दुसरी बाजू, पहिलं गाणं, हलकी खरखर.” चोरबाजारातल्या सातशेपेक्षा हे अडीच हजार मला स्वस्त वाटले. घेतली नाही, पण वाटले.

तिथे विचारलं, मराठी काय आहे? मुलगा जरा ओशाळला. म्हणाला, “मराठी येतं सर, लोक घरं रिकामी करताना देऊन जातात. पण विचारत कोणीच नाही. तुम्ही या महिन्यातले पहिले.” कप्प्याखालचं एक खोकं ओढून दिलं. चिठ्ठ्या नाहीत, पाकिटं नाहीत. भावगीतं, लावण्या, लोकनाट्य, कीर्तन, बालगीतं. प्रत्येकी दीडशे, कुठलीही घ्या.

मुंबईत, मराठी खोक्यात, कुठलीही घ्या! आता यावर मराठी अस्मितेच्या नावाने गळा काढता येईल. पण दोष दुकानदाराचा कसा? तो जे विचारलं जातं ते धुऊन-पुसून वर ठेवतो. काळा घोड्याचं र्‍हिदम हाउस २०१६ साली बंद झालं तेव्हा आपण सगळ्यांनी केवढी हळहळ व्यक्त केली. मीही चार ओळी खरडल्या होत्या. परवा आठवून पाहिलं, मी तिथे शेवटची वस्तू कधी विकत घेतली? २००४ साली, एक सीडी, तीसुद्धा भेट द्यायला. बारा वर्षं पाऊल टाकलं नाही आणि बंद पडल्यावर डोळे पुसले. त्या खोक्यातून मी सहा घेतल्या. प्रायश्चित्त म्हणा हवं तर.

आणि मग तिसरं दुकान. नाव लिहीत नाही. मालकाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “नको लिहू. लोक फोटो काढायला येतात.” फोर्टच्या बाजूला, एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली, एका वेळी दीड माणूस उभा राहील एवढी जागा. मालक सत्तरीचा, मूळचा रत्नागिरीकडचा, बोलण्यात कोकणी मुसलमानी मराठीचा हेल. रेकॉर्डी छतापर्यंत, पण सगळ्या उभ्या. टेबलावर तीन वेगांचा प्लेअर, शेजारी दोन सुया: एक एलपीची, एक ७८ ची. ७८ ची खाच रुंद असते, तिला एलपीची बारीक सुई लावली तर ती तळाशी घरंगळत राहते आणि नुसती खरखर ऐकू येते. “तुमची खराब आहे” असं सांगून रेकॉर्ड स्वस्तात उपटायची ही जुनी युक्ती आहे, हेही त्यानेच सांगितलं.

मी टॉवेल सोडला. त्याने सहाही तबकड्या उजेडात तिरप्या धरून पाहिल्या, लेबलाजवळच्या रिकाम्या जागेत कोरलेले आकडे वाचले आणि चार बाजूला ठेवल्या. “या गल्लोगल्ली मिळतात. पन्नास-शंभर रुपये. उगाच लाखाची स्वप्नं बघू नका.” हे ग्रुपवरच्या ज्यांनी ‘अँटिक व्हॅल्यू’ शोधून काढली होती त्यांच्यासाठी. जुनं म्हणजे महाग नव्हे. जी गाणी घरोघरी वाजली त्यांच्या रेकॉर्डी हजारोंनी निघाल्या, आणि वाजून वाजून पोलादी पिनांनी खरवडल्याही गेल्या.

पाचवीला त्याने बऱ्यापैकी भाव दिला. सहावी यंग इंडियाची होती. लेबल अर्धं उडालेलं, गाणारीचं आडनाव दिसत नाही. त्याने ओल्या फडक्याने हलक्या हाताने पुसली, सुई बदलली आणि लावली. पेटी, तबला, आणि एका तरुण बाईचा जरा घाबरलेला आवाज. कुठेतरी केसाएवढी चीर असावी, दर फेऱ्याला एक टक. तीन मिनिटांत संपली. तो म्हणाला, “ही मी ऐकली नाही कधी.” चाळीस वर्षं धंदा केलेला माणूस. मी यूट्यूबवर शोधली. दादा, नाही तिथे. सगळं नाही.

मी तिथूनच आत्याला फोन लावला आणि रेकॉर्ड पुन्हा वाजवायला सांगितली. आत्या आता ब्याऐंशीची, फोनवर नीट ऐकू येत नाही. पण दहा सेकंदांत म्हणाली, “ही बाजू अण्णांची. आईची दुसरी होती. ती लाव.” दुसरी लावली. आत्या काही बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, “त्या पोराला सांग, सुई अलगद उचल म्हणावं.” सत्तरीचा पोरगा हसला आणि त्याने सुई अलगद उचलली. या रेकॉर्डीचा भाव विचारला तर म्हणाला, “ही विकायला आणलीत की दाखवायला, ते आधी घरात ठरवा. चार दिवस माझ्याकडे द्या, नीट उतरवून घेतो, मग बोलू.”

चांगलं दुकान म्हणजे माझ्या मते हे. पैसे घ्यायच्या आधी वाजवून दाखवणारं, आणि तुमचा माल घ्यायच्या आधीही वाजवून बघणारं. गारेगार असो की जिन्याखाली.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी, नाहीतर दादा तीच पुढे करेल. मी त्याला आपल्या डेकोरेटरची गोष्ट सांगितली, वाटलं तो माझ्यासारखाच चिडेल. तो शांतपणे म्हणाला, “मीपण देतो की त्यांना. मेलेल्या असतात त्या. तुटक्या, वाकलेल्या, खाच संपलेल्या. घड्याळं करतात, भिंतीला लावतात. माझं लाइटबिल निघतं.” मी गप्प. मुंबईत जागेचं भाडं भरून मेलेल्या रेकॉर्डी सांभाळायला तो काही धर्मशाळा चालवत नाही. म्हणजे भिंत हा काही गुन्हा नाही. पण त्याची भिंत आणि आपली भिंत यात फरक आहे. तो वाजवून बघतो, मेली असेल तरच देतो. आपण न बघताच तिरडी बांधायला निघालोय.

तेव्हा माझं म्हणणं पुन्हा एकदा, ग्रुपवर लांबलचक लिहिलं की कुणी वाचत नाही म्हणून इथे. डेकोरेटरला नाही म्हणा असं मी म्हणत नाही. त्यांना महिनाभर थांबायला सांगा. त्यांनी घाई केली तर दुसरे डेकोरेटर मिळतील, भिंती कमी नाहीत. मी तीन वेगांचा जुना प्लेअर आणि ७८ ची सुई त्या जिन्याखालून घेऊन आलोय (किती रुपयांना ते बायको हे वाचते म्हणून लिहीत नाही). पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी मिरजेला बसू. वाड्याला अजून वीज आहे, चौकशी केली. १४३ आहेत, एका दिवसात होणार नाहीत, दोन दिवस धरून या. एकजण वाजवेल, एकजण वहीत लेबल, नंबर आणि अण्णांनी पाकिटावर लिहिलेलं उतरवेल. ज्याला कुणाला आपल्या तापाची रेकॉर्ड हवी असेल त्याने ती न्यावी. ज्या वाजतील आणि कुणालाच नको असतील त्या मुंबईला जातील, यादीसकट. ज्या मेल्या असतील त्या हॉटेलात. विकायच्या बाजूने अंगठा देणाऱ्यांनी यायलाच हवं, निदान पहिल्या दहा ऐकायला.

आत्याला मी घेऊन येतो. येताना कुणीतरी जुनं मऊ सुती धोतर आणा, पुसायला. आणि काका, तुम्ही स्पिरिटची बाटली आणणार म्हणालात, ती कृपा करून आणू नका. ७८ च्या रेकॉर्डी लाखेच्या असतात, स्पिरिटने विरघळतात.